बर्फावरचा सडा

कार्ल्सरूहे
१७ डिसेंबर २०१०

प्रिय साधना,

हे पत्र मोठ्याने वाचायचं आहे. गुरुदत्तभाऊजींना टीव्ही बंद करायला लाव आणि शेजारच्या शोभनाकाकूंनाही बोलाव. तुझ्या आईने आज जर्मनीत येऊन काय काय केलं ते साऱ्या गल्लीला कळलं पाहिजे.

रात्रभर बर्फ पडला. तू म्हणशील, जर्मनीत बर्फ पडणार नाही तर काय सांगलीत पडणार? पण आमचं गाव त्यातल्या त्यात उबदार. इथे हिवाळा म्हणजे नुसती पिरपिर आणि चिखल. सकाळी पडदा सरकवला तर गाड्या गायब! ट्राम बंद, इराच्या शाळेतून निरोप की जमेल त्यांनीच या, आणि तुझ्या दादाच्या साहेबाचा फोन की रस्ते मोकळे होईपर्यंत घरी थांबा. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून गिअरबॉक्सविषयी फोनवर बोलणारा तुझा हृषिकेशदादा आज लॅपटॉप मिटून म्हणाला, "चला, खेळायला जाऊ." मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

इरा खिडकीला नाक लावून "श्ने! श्ने!" करत नाचत होती. आई म्हणाल्या, "काय म्हणतेय गं ही?" मी म्हटलं, "बर्फ म्हणतेय." "मग बर्फ म्हण की, बाळा." इरा शहाण्यासारखं "बर्फ" म्हणाली आणि पुन्हा "श्ने!" करून नाचायला लागली.

या आठवड्यात झाडलोटीची पाटी आमच्या दारावर आहे. इथे ती पाटी घराघरांत फिरते. ज्याच्या दारावर ती असेल त्याने जिना झाडायचा, आणि बर्फ पडला तर सकाळी लवकर दारापुढची वाट मोकळी करायची. हृषिकेशने फावड्याने बर्फ ओढला आणि तळघरात घसरगाडी शोधायला गेला. ती गाडीही आमची नाही, तळमजल्यावरच्या फ्राउ ब्यॉलर आजींची. त्यांच्या मुलाच्या लहानपणची, लाकडी.

तेवढ्यात आई खाली उतरल्या. नऊवारीवर माझं लांब जॅकेट, पायात हृषिकेशचे लोकरी मोजे, डोक्याला कानटोपी, हातात कोमट पाण्याची बादली. "आज एकादशी आहे. एवढं शुभ्र अंगण मला जन्मात मिळालं नाही. सडा-रांगोळी केल्याशिवाय मी हलायची नाही." मग काय विचारता! इराच्या हातात तांब्या. आजी-नातीने मिळून पायऱ्या धुतल्या, सडा घातला आणि सांगलीहून आणलेल्या रांगोळीने कमळ काढलं. त्यात गुलाबी, हिरवा, पिवळा रंग भरला. ब्यॉलर आजी खिडकी उघडून "वुंडरशोन! वुंडरशोन!" म्हणाल्या. आई म्हणाल्या, "बरं बरं, खिचडी पाठवते." दोन महिने त्यांचं हे असंच चाललंय. कुणाचं कुणाला कळत नाही आणि कुणाचं काही अडत नाही.

नंतर आम्ही टेकडीवर गेलो. तिथे आई घसरगाडीवर बसल्या. हो, तुझी आई! मागे हृषिकेश, पुढे इरा, आणि मधून "अरे मेल्या, थांबव!" ही आरोळी. खाली पोचल्यावर मात्र म्हणाल्या, "अजून एकदा." आम्ही बर्फाचा माणूस केला, त्याला आईंनी कुंकू लावलं. साबुदाण्याची खिचडी हातमोजे घालून खाल्ली. हृषिकेश एवढा हसला की आई माझ्या कानात म्हणाल्या, "हसताना अगदी ह्यांच्यासारखा दिसतो." सहा वर्षांत आम्ही चौघं असा आख्खा दिवस एकत्र नव्हतो गं.

इथपर्यंत वाच. पुढचं वाचू नकोस.

परत आलो तर दारात अँब्युलन्स. ब्यॉलर आजी पायरीवरून घसरून पडल्या होत्या. रांगोळीचा फोटो काढायला कॅमेरा घेऊन बाहेर आल्या होत्या म्हणे. मांडीचं हाड मोडलं असावं. आईंनी त्यांचा हात धरला आणि स्ट्रेचर उचलेपर्यंत सोडला नाही. मग वर जाऊन देवापुढे दिवा लावला.

मी खालीच थांबले. रांगोळी जशीच्या तशी होती, काचेखाली ठेवलेल्या फोटोसारखी. तुझा दादा तिच्यावर बर्फ विरघळवायचं मीठ टाकत होता.

तुझी,
स्वरूपा


सांगली
२० डिसेंबर २०१०

प्रिय वहिनी,

तुझं ईमेलवरचं पत्र वाचलं. घसरगाडीचा मजकूर शोभनाकाकूंच्या आग्रहाखातर दोनदा वाचला. काकू म्हणाल्या, "वासंती इथे रिक्षातून उतरताना दोघांचा हात धरते."

तू सांगितलंस तिथे थांबले. गुरुदत्तना वाटलं, लाइट गेली.

वहिनी, मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. काचेखाली ठेवल्यासारखी म्हणजे काय ते मला कळलं. आईला कळलंय का? तिचा काल फोन आला तेव्हा ती म्हणत होती, "ती बिचारी पडली बघ. इथल्या लोकांना बर्फाची सवय, पण पायऱ्या कुणी नीट बघत नाही." मी हं हं केलं. ती सत्तावीसला निघतेय. तोवर तिला काही बोलू नका. विमानात बारा तास तो विचार घेऊन बसेल ती.

आजींचं कळव.

साधना


कार्ल्सरूहे
४ जानेवारी २०११

साधना,

हे फक्त तुझ्यासाठी. वाचून झालं की काढून टाक.

आई पोचल्या, बरं वाटलं. त्या निघेपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून होते. निघताना त्यांनी ब्यॉलर आजींसाठी दहा लाडू ठेवले आणि मला बजावलं, "हॉस्पिटलात स्वतः जाऊन दे." मी अजून गेलेले नाही. लाडू फ्रीजवर आहेत.

आता ऐक. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कोलोनहून आजींचा मुलगा आला. माणूस सभ्य. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "फावड्याने काढलेल्या पायरीवर एवढा जाड, गुळगुळीत बर्फ कसा आला? कुणीतरी पाणी ओतलं असणार." मी चहा आणायला वळले होते. मागून हृषिकेशचा आवाज आला, "आमची मुलगी पाण्याशी खेळत होती. आमचं लक्ष नव्हतं."

इरा तिथेच होती, साधना. तिने आधी बापाकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे पाहून म्हणाली, "या." हो म्हणाली.

तो गेल्यावर मी हृषिकेशला धारेवर धरलं. तो म्हणाला, "इथल्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलाला दोषी धरत नाहीत. इरा सहाची आहे. विषय संपला. आईचं नाव आलं तर पुढच्या वेळी व्हिसा देतील? तिच्यासाठी हमीपत्र मी सही करून दिलंय. आणि तिच्या हातात तांब्या नव्हता का? होता ना?" होता. तेच तर वाईट आहे. खोटं बोलायलाही त्याला अर्धं खरं सापडलं.

आणि मी? मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. दोन शब्द बोलले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. बोलले नाही. आईंचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे होता.

तू यातलं त्यांना काही सांगू नकोस. शपथ आहे.

स्वरूपा


सांगली
१२ जानेवारी २०११

वहिनी,

दादाचं डोकं फिरलंय का? लहानपणी काच फोडली की माझं नाव सांगायचा, ती सवय अजून गेली नाही म्हणायची! पण मी निदान आठवीत होते आणि उलट ओरडायचे. इरा कुणाकडे ओरडणार?

माझा राग काढून झाला. आता इथलं सांगते. आईने तुम्ही दिलेला फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय, बर्फावरच्या रांगोळीचा. येईल त्याला दाखवते. भजनाला आलेल्या बायकांना म्हणाली, "तिथली आजीसुद्धा खिडकीतून बघत राहिली." ती कशी आहे म्हणून रोज विचारते. मी रोज "बरी आहे" म्हणते. माझ्या तोंडाला आता ते पाठ झालंय.

आईला सांगायची माझी छाती होत नाही. तिचं बीपी तुला ठाऊक आहे. पण तिला न सांगता तिथे खरं सांगता येईल की! तू जा ना त्या आजींकडे. दादाला विचारत बसू नकोस.

साधना


कार्ल्सरूहे
३० जानेवारी २०११

साधना,

फक्त तुझ्यासाठी.

तू म्हणालीस तसं मी हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेले होते. फुलं घेतली होती. हृषिकेशचा फोन आला, "स्वरूपा, मी एकदा जे सांगितलंय ते तू खोटं पाडणार? माझ्या तोंडावर?" मी फुलं नर्सकडे देऊन परत आले. नवऱ्याची अब्रू राखायची शिकवण रक्तातच भिनलेली, ऐन वेळी पाय मागे ओढते. माझाच संताप आला मला.

ब्यॉलर आजी गेल्या सोमवारी घरी आल्या. चाकांचा वॉकर घेऊन चालतात. इरा दर बुधवारी शाळेतून आली की त्यांच्याकडे जायची. त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यांना छोट्या झारीने पाणी घालायचं काम तिचं होतं, आणि मग केक. या बुधवारी जिन्यात आजी समोर आल्या. इरा थांबली. आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवून दार लावून घेतलं. इमारतीतल्या बाकीच्यांनाही कळलंय. वरच्या मजल्यावरच्या बाईने आपल्या मुलाला सांगितलं, "तिच्याबरोबर अंगणात खेळू नकोस."

काल पुन्हा बर्फ पडला. पातळसाच, पण पडला. मी म्हटलं, "इरा, श्ने!" ती खिडकीशी गेली नाही. मुकाट्याने चित्र रंगवत बसली. आता ती पाण्याचा भरलेला ग्लास हातात धरत नाही. शाळेची बाटली रिकामी नेते आणि रिकामी आणते. मला आधी वाटलं, विसरते.

रात्री झोपवताना तिने विचारलं, मराठीत विचारलं बरं का, एरवी मराठी तिच्या तोंडून ओढून काढावी लागते, "आई, मी सात झाले की पोलीस येणार?"

तिने बापाचं बोलणं ऐकलं होतं. सात वर्षांखाली काही होत नाही, तर सात झाल्यावर होणारच, असा हिशेब तिने लावलाय. चौदा मार्चला तिचा वाढदिवस. ती म्हणते, तो या वर्षी नको.

मी तिला जवळ घेऊन "नाही गं, कुणी येत नाही" म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? तिने मला ट्रे घेऊन गप्प उभं राहिलेलं पाहिलंय. हृषिकेशला सांगितलं तर तो म्हणाला, "विसरेल." साधना, मला आता काही सुचत नाही.

स्वरूपा


सांगली
८ फेब्रुवारी २०११

वहिनी,

घाईत लिहितेय. आईला कळलं. मी सांगितलं नाही, आधी ते ऐक.

रविवारी स्काइपवर आईने इराला विचारलं, "वाढदिवसाला काय पाठवू?" तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. इरा आधी "नको" म्हणाली. मग अगदी स्क्रीनजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी पाणी नको. कोरडी रांगोळी काढ."

आई हसली. "बरं, कोरडी काढू." पण रात्री जेवली नाही. काल सकाळी मी उठले तर दारात सडा नाही. आई बादली भरून पायरीवर बसलेली. मला म्हणाली, "साधना, ती बाई कशावरून घसरली?"

मी सातवीच्या साठ पोरांना गप्प बसवते. तिच्यापुढे मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. इराच्या पोलिसांचंसुद्धा. ती रडेल, पडेल, असं वाटत होतं. तिने बादलीतलं पाणी जास्वंदीला घातलं, आत गेली, दिवाणखान्यातला फोटो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि माझ्याकडे कागद मागितला. तिचं पत्र स्कॅन करून सोबत पाठवतेय. दादा घरी असेल तेव्हाच उघड.

साधना


सांगली, ७ फेब्रुवारी

चि. हृषिकेश आणि चि. सौ. स्वरूपा,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी.

पाणी कोमट होतं, म्हणून मला वाटलं उरलासुरला बर्फ वितळेल. तिथली थंडी मला ठाऊक नव्हती. माहीत नव्हतं ते माझ्या हातून झालं. पण झाल्यावर तरी मला सांगायचं होतं. त्या बाईचा हात धरून मी म्हणत होते, "अहो, कशावरून हो पडलात?" आणि तुम्ही दोघं शेजारी उभे राहून ऐकत होता. ते आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. इथे येऊन मी त्याच रांगोळीचं कौतुक सांगत बसले. मला एवढं जपायचं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

आणि मला जपून ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवलंत? हृषिकेश, मी तुला विचारतेय. ती तांब्या घेऊन उभी होती ती मी दिला म्हणून. आजी सांगते ते चांगलंच असतं, असं तिला वाटलं. बापही सांगतो ते बरोबरच असतं, असं तिला वाटलं. आपण दोघांनीही तिचा विश्वास मातीत घातला.

व्हिसा मिळाला नाही तर नाही. मी सांगलीतून कुठे न जाता मेले तरी काही बिघडत नाही. माझ्या नातीने वाढदिवसाला घाबरायचं नाही.

तू स्वतः जा. स्वरूपाला पुढे करू नकोस. इराला बरोबर ने, म्हणजे तिला ऐकू येईल. त्या बाईंना त्यांच्या भाषेत सांग, की पाणी माझ्या आईने टाकलं, मुलीने नाही, आणि मुलीचं नाव मी घेतलं. यातला एकही शब्द गाळू नकोस. माफी माग असं मी सांगत नाही. ती द्यायची की नाही हे त्यांनी ठरवावं.

स्वरूपा, तू सोसलंस, ते कळतं मला. पण पुन्हा माझ्यासाठी गप्प बसू नकोस.

दोघांना आणि माझ्या इराला आशीर्वाद.

आई


कार्ल्सरूहे
२० फेब्रुवारी २०११

प्रिय साधना,

आईंचं पत्र हृषिकेशने वाचलं. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिला, जॅकेटशिवाय. मी बोलावलं नाही. त्यानंतर आठवडाभर तो "उद्या जातो" म्हणत होता. शुक्रवारी इराने शाळेतून आल्यावर विचारलं, "चौदा मार्चला किती दिवस आहेत?" त्याने चहाचा कप खाली ठेवला, तिचा हात धरला आणि जिना उतरला. मी मागे गेले.

ब्यॉलर आजींनी दार उघडलं. बसा म्हणाल्या नाहीत. आम्ही तिघं उभे आणि त्या वॉकर धरून उभ्या. हृषिकेशला सुरुवात सापडेना. "आल्झो..." म्हणाला आणि थांबला, पुन्हा "आल्झो..." रोज वीस माणसांच्या मीटिंगमध्ये फाडफाड जर्मन बोलणारा माणूस. मग त्याने आईंचं पत्र खिशातून काढलं आणि एकेक ओळ जर्मनमध्ये सांगायला लागला. काही गाळलं नाही. "मुलीचं नाव मी घेतलं" इथे तो अडखळला, पण तेही म्हणाला.

आजींनी त्याच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आईला थंडी ठाऊक नव्हती. तुम्हाला ठाऊक होती." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही फुलं नर्सच्या हातात दिलीत." खरंच होतं ते.

मग त्या वॉकर सरकवत इरापाशी आल्या. खाली वाकता येत नाही त्यांना अजून. उभ्यानेच विचारलं, "तू माझ्या मुलाला हो का म्हणालीस?"

इरा म्हणाली, "पापा म्हणाले म्हणून." मग म्हणाली, "आणि माझ्या आजीला परत यायचंय."

आजींचा चेहरा पाहायला हवा होतास. रागावलेल्या तर होत्याच, साधना, पण आता तो राग इरावर नव्हता. त्यांनी दार पूर्ण उघडलं. इराला आत घेतलं. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा. ही थांबेल." आणि आमच्या तोंडावर दार लावलं.

आम्ही वर गेलोच नाही. हृषिकेश तिथेच जिन्यात बसला, मी त्याच्या शेजारी. वरच्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन आली. आमच्याकडे बघून थांबली. हृषिकेश उठून उभा राहिला आणि तिला म्हणाला, "पाणी माझ्या मुलीने टाकलं नव्हतं." तिने काही विचारलंही नव्हतं. ती गडबडून "आख् झो" म्हणाली आणि वर गेली. तो पुन्हा खाली बसला.

आत काही ऐकू येईना. मी दाराला कान लावला. आजींचं हळू बोलणं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग शांतता. मला वाटलं, इरा रडतेय. आणि मग नळ सोडल्याचा आवाज आला. पत्र्याच्या झारीत पाणी पडतं ना, तसा, आधी मोठा आणि झारी भरत जाईल तसा बारीक. नळ बंद झाला. छोटी छोटी पावलं खिडकीकडे गेली.

हृषिकेश गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी त्याला रडू दिलं.

आजी अजून त्याच्याशी बोलत नाहीत. मला सकाळी भेटल्यावर नुसतं "मॉर्गन" म्हणतात. त्यांच्या मुलालाही हृषिकेशने फोन करून सगळं सांगितलं, पुढे काय होईल ते होईल. आईंच्या व्हिसाचं काय ते माहीत नाही. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं म्हणून विचारलं तर इराने पहिलं नाव ब्यॉलर आजींचं सांगितलं. त्या येतील का, तेही माहीत नाही.

हे पत्र आईंसमोर मोठ्याने वाच. या वेळी शेवटपर्यंत वाच.

तुझी,
स्वरूपा